सही

माझी सही चांगली आहे, असे लोक म्हणतात. चित्रकलेच्या शिक्षकाच्या वाट्याला एवढे कौतुक यायचेच. शाळेची प्रशस्तिपत्रके, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यांची मानपत्रे यांवर मी गेली वीस-बावीस वर्षे सह्या करीत आलो आहे. तीन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्यापासून क्वचित एखादा वाचक पुस्तकाचे पहिले पान उघडून पुढे करतो, तेव्हा तर मी पहिल्या अक्षराचा फाटा असा काही वळवतो की शेजारी उभी असलेली आमची ही हळूच दुसरीकडे पाहू लागते. सही करायला मला वेळ लागत नाही. पण २०२५ च्या पावसाळ्यात एक सही करायला मला तीन आठवडे लागले, त्याची ही हकीगत.

आमच्या मुलीला वास्तुशास्त्राच्या पदवीला पुण्यातल्या एका खासगी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. पाच वर्षांचा अभ्यासक्रम. घराचे हप्ते चालू होते, वडिलांच्या शस्त्रक्रियेत साठवलेले पैसे गेले होते. फीचा काही भाग आमच्याकडून, उरलेले दरवर्षी एक लाख शैक्षणिक कर्जातून, असे ठरले. ठरले म्हणजे मुलीने आणि तिच्या आईने ठरवले. मुलीने बँकेतून अर्ज आणला, आपल्या सुवाच्य अक्षरात भरला आणि माझ्यापुढे ठेवला. खाली दोन चौकोन होते. एक कर्जदाराचा, एक सहकर्जदाराचा.

"बाबा, इथं तुमची सही."

"करतो उद्या," असे म्हणून मी तो कागद ड्रॉइंगच्या कागदांखाली सरकवला. शाळेत मुले गृहपाठाची वही नेमकी अशीच लपवतात.

कारण सांगायचे तर मला १९९२ सालापर्यंत मागे जावे लागेल. माझे वडील, अण्णा, कराडजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या एका सहकाऱ्याने नोकरदारांच्या पतपेढीतून कर्ज काढले. अशा कर्जाला दोन जामीनदार लागत. अण्णांनी सही केली. त्या काळी मास्तरांमध्ये एकमेकांसाठी सही करणे म्हणजे पान-सुपारी पुढे करण्यासारखेच होते. नाही म्हणणारा माणूस कमी प्रतीचा ठरे. पुढे त्या गृहस्थांची नोकरी गेली आणि ते गाव सोडून गेले. दुसरा जामीनदार आधीच कर्जात बुडालेला. अण्णांच्या पगारातून दरमहा कपात सुरू झाली ती चार वर्षे चालली. आमच्या घरी दूध अर्ध्यावर आले. आईच्या हातातल्या पाटल्या एकदा गहाण गेल्या त्या परत आल्या नाहीत. अण्णा त्या गृहस्थांबद्दल एक वाईट शब्द बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी उधारीवर वाण्याकडून काड्यापेटीसुद्धा आणली नाही.

१९९५ साली मी दहावी झालो. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत मला 'ए' श्रेणी होती, आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जावे, असे माझ्या चित्रकलेच्या सरांचे म्हणणे होते. १८५७ साली सुरू झालेली ती संस्था, तिथले ते दगडी बांधकाम, तिथली झाडे, हे सगळे मी सरांच्या तोंडून इतके ऐकले होते की न पाहताच मी त्याचे रेखाचित्र काढले असते. फी मोठी नव्हती, पण मुंबईत राहायचे, खायचे, रंग-कागद घ्यायचे. सर अण्णांना म्हणाले, "थोडं कर्ज काढा. पोरगा फेडील."

अण्णा म्हणाले, "आपल्याला कर्ज नको."

वाक्य तेवढेच होते. मी एका पेंटरच्या दुकानात पाट्या रंगवीत कलाशिक्षकाची पदविका केली आणि शाळेत लागलो. अण्णांच्या वेळचे काही लोक मला अजूनही 'मॅट्रिक' म्हणतात, त्यात थोडे कौतुक असते आणि थोडी कीव. मी तक्रार करीत नाही. मुंबईला गेलो असतो तर मोठा चित्रकार झालो असतो, असेही मी म्हणत नाही. कदाचित तिथेही पाट्याच रंगवल्या असत्या. पण 'आपल्याला कर्ज नको' हे वाक्य मी अण्णांकडून घराबरोबर वारशाने घेतले. घर बांधायला मी कर्ज काढले तेव्हा ते मला कर्ज वाटलेच नाही. चार भिंती डोळ्यांपुढे उभ्या राहत होत्या ना! मुलीच्या डोक्यात उभ्या राहणाऱ्या भिंतींसाठी कर्ज काढायचे म्हटल्यावर मात्र अण्णांचा आवाज माझ्या कानांत बोलू लागला.

आता एक कबुली द्यायला हवी. माझ्या तिन्ही कादंबऱ्यांत सावकार आहे. पहिलीत तो शेत गिळतो, दुसरीत घर गिळतो, तिसरीत तर नायिकेच्या सुखाचाच घास घेतो. समीक्षकांनी त्याला 'वास्तववादी चित्रण' म्हटले. पण तो सावकार शेकडा किती दराने व्याज लावीत होता, सरळ की चक्रवाढ, हप्ता आधी व्याजात वळता करून घेत होता की मुद्दलात, असे मला कोणी विचारले असते, तर माझी त्रेधा उडाली असती. मी कर्जाची भीती रंगवली होती. कर्ज मला ठाऊक नव्हते. राक्षसाचे चित्र काढणाऱ्याने राक्षस पाहिलेला असतोच असे नाही.

आमच्या मुलखाला ही भीती उगाच चिकटलेली नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि खतांवर. हिसकावलेले कागद त्यांनी जाळले. का, तर त्या कागदांवर त्यांचेच अंगठे होते आणि कागदात काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते. १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, त्यात शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हावा, त्याला पावती मिळावी अशा तरतुदी होत्या. म्हणजे कज्जा नुसता पैशाचा नव्हता, वाचण्याचाही होता.

पण त्याच मुलखाची दुसरीही एक आठवण आहे. आमच्या गावापासून फार दूर नसलेल्या काले या गावी १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. साताऱ्याच्या शाळेत ज्यांचे सुरुवातीचे शिक्षण झाले ते बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर त्यांची सही होती. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला ते पुन्हा लंडनला निघाले, ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या बळावर. तेव्हा कर्ज काढून सण करू नये हे खरे. पण कर्ज काढून शिकू नये असे आमच्या थोरांनी कुठे म्हटलेले मला आढळत नाही. ही सगळी माहिती मला होतीच. जयंतीच्या दिवशी फळ्यावर चित्रे मीच काढतो. पण दुसऱ्याच्या आयुष्यातून आपल्या खिशापर्यंत यायला माहितीला वेळ लागतो.

एक आठवडा गेल्यावर मी एकटाच बँकेत गेलो. तिथल्या अधिकारी मुलीने, माझ्या मुलीपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल, मला खुर्ची दिली. मी म्हटले, "जामीनदार म्हणून माझी जबाबदारी किती, एवढंच विचारायचं होतं."

"सर, तुम्ही जामीनदार नाही. तुम्ही सहकर्जदार आहात. कर्ज दोघांचं आहे."

"म्हणजे तिनं नाही फेडलं तर?"

"तिनं नाही फेडलं तर, असं नसतं सर. बँक पहिल्या दिवसापासून दोघांनाही मागू शकते. आणि खरं तर जामीनदाराचंही तसंच असतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ आहे. वेगळं काही लिहून ठेवलेलं नसेल, तर कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची."

मी काही वेळ गप्प बसलो. अण्णांना वाटत होते की जामीन म्हणजे 'माणूस चांगला आहे' असा दिलेला शब्द. त्यांच्या सहीच्या एकशेवीस वर्षे आधी कायद्याने त्या शब्दाचा अर्थ लिहून ठेवला होता, आणि तो त्यांना कोणी सांगितला नव्हता.

त्या मुलीने बाकीचेही नीट सांगितले. साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. अभ्यासक्रम संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही. फेड पंधरा वर्षांपर्यंत करता येते. मुलींना बऱ्याच बँका व्याजात अर्धा टक्का सवलत देतात. २०२४ साली आलेल्या केंद्राच्या विद्यालक्ष्मी योजनेत दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजाची मदत आहे, पण ती यादीतल्या संस्थांना आणि आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना; आम्ही त्या रेषेच्या किंचित वर होतो. आयकरात कलम ८० ई खाली व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते, तीही जुनी करपद्धत घेणाऱ्यालाच. शेवटी तिने एक छापील पान दिले. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे किरकोळ कर्जदाराला हे पान द्यावेच लागते. त्यात व्याज आणि बाकीचे आकार मिळून वर्षाचा खरा दर किती, हे एका आकड्यात लिहिलेले असते. "हे पान घरी नेऊन वाचा सर," ती म्हणाली. "बहुतेक जण इथंच सोडून जातात."

त्या रात्री मी आणि मुलगी ड्रॉइंगचा मोठा कागद पसरून बसलो. सोयीसाठी व्याज दहा टक्के धरले. दरवर्षी एक लाख, असे पाच लाख. हप्ता सुरू होईपर्यंत व्याज सरळ लागते. पहिल्या लाखावर सहा वर्षांचे साठ हजार, दुसऱ्यावर पन्नास, मग चाळीस, तीस, वीस. बेरीज दोन लाख. सहा वर्षे काही भरले नाही तर हे दोन लाख मुद्दलात मिळतात आणि हप्ता सुरू होताना कर्ज सात लाखांचे झालेले असते.

"पण मी तर पाचच घेतले," मुलगी म्हणाली.

"घेतलेस पाच. झोपलीस सात होईपर्यंत."

सात लाख दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे ९,२५० रुपये, एकूण ११ लाख १० हजार. पंधरा वर्षे घेतली तर हप्ता ७,५२० वर येतो. मन हलके होते. पण एकूण भरणा जातो १३ लाख ५४ हजारांवर. लहान हप्ता हा मोठ्या कर्जाचा गोड चेहरा असतो, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळले.

मग मुलीने तिसरा रकाना आखला. शिकत असतानाच व्याज भरत गेलो तर? पहिल्या वर्षी महिना ८३३ रुपये. दुसऱ्या वर्षी १,६६७. असे वाढत पाचव्या आणि सहाव्या वर्षी ४,१६७. सहा वर्षांत तेच दोन लाख. पण आता मुद्दल पाचावरच राहते. पुढे दहा वर्षे हप्ता ६,६०० च्या आसपास. सगळे मिळून ९ लाख ९३ हजार. शिवाय असे व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सूट देतात ती वेगळीच.

मी त्या आकड्याकडे पाहत राहिलो. जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा एक नियम होता, मुंबई इलाख्यात तो चालत असे. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये. बँकेच्या हप्त्यांचा हिशेब त्या नियमाने चालत नाही आणि त्याचा नेमका अर्थही थकलेल्या व्याजापुरताच आहे. पण आजीच्या तोंडून ऐकलेला तो शब्द माझ्या मनात कुठेतरी धर्मासारखा बसला होता. पहिले दोन रकाने दामदुपटीच्या पलीकडे जात होते. तिसरा सात हजारांनी का होईना, अलीकडे राहत होता.

"बाबा, हे कर्ज तुमचं की माझं?"

"कागदावर दोघांचं. घरात असं करू. शिकेपर्यंतचं व्याज माझं, मुद्दल तुझं."

तिने ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवले. तिला माझा शब्द पुरला नाही याचे मला वाईट वाटायला हवे होते. पण बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गावर माझा बदली तास होता. स्थिरचित्र काढायला लावण्याऐवजी मी फळ्यावर हिशेब मांडला. बारा हजारांचा फोन, दहा टक्के सरळ व्याज, वर्षभर महिना अकराशे. "व्याज किती टक्के?" सगळे म्हणाले, "दहा." मी म्हटले, "दर महिन्याला तुम्ही हजार रुपये मुद्दल परत देता. मग बाराच्या बारा हजार वर्षभर तुमच्याकडे राहतात कुठे? सरासरी राहतात साडेसहा हजार. बाराशे रुपये व्याज त्यांच्यावर पडलं." वर्ग शांत झाला. खरा दर सुमारे अठरा टक्के निघतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा तास संपल्यावर थांबला. त्याच्या भावाने मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपमधून कर्ज घेतले होते आणि ते फेडायला दुसऱ्या ॲपमधून. "सर, घरी सांगितलेलं नाही त्यानं," तो म्हणाला. संध्याकाळी मी त्या घरी गेलो. तिथे काय बोलणे झाले ते लिहिणार नाही. एवढेच सांगतो की ते कर्ज भयंकर मोठे नव्हते, ते लपवून ठेवणे मोठे होते.

तिथून परतलो तर अण्णा दिवा लावून बसले होते. पुढ्यात तो अर्ज. ड्रॉइंगचे कागद आवरताना हिने तो त्यांच्या पलंगावर ठेवला होता, चुकून की मुद्दाम, हे मी अजून विचारलेले नाही. माझ्या पोटात धस्स झाले. सोळा वर्षांचा मी दारात उभा होतो.

"किती?" अण्णांनी विचारले.

"पाच लाख."

ते काही बोलले नाहीत. कपाटातून त्यांनी आपले भिंग काढले आणि लाल पेन काढले. दोन संध्याकाळी अण्णा ते करारपत्र वाचत होते, ओळीखाली बोट ठेवून, पहिलीच्या पोराने वाचावे तसे. जिथे अडले तिथे समासात लाल प्रश्नचिन्ह. एकंदर अकरा प्रश्नचिन्हे झाली. दर बदलता आहे म्हणजे कोणी बदलायचा? हप्ता चुकला तर दंड कशावर? आधी फेडले तर आकार आहे का? एखादे वर्ष नापास झाली तर? तिला कागदाची प्रत मिळेल ना?

दुसऱ्या संध्याकाळी भिंग खाली ठेवून ते म्हणाले, "मी सही केली याचं मला कधी दुःख झालं नाही. तो माणूस अडचणीत होता. पण मी तो कागद वाचला नव्हता रे. मी मास्तर होतो, पोरांना वाचायला शिकवत होतो, आणि वाचला नव्हता." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्या वेळेला मी कर्जाला घाबरलो नाही. माझ्या त्या न वाचण्याला घाबरलो. तुला ते भरावं लागलं."

तीस वर्षे ज्या वाक्याची मी वाट पाहिली नव्हती, ते असे अचानक आले. मी काय बोलणार? मी त्यांच्या पेनाला टोपण लावले.

अकरा प्रश्न घेऊन आम्ही तिघे बँकेत गेलो. त्या अधिकारी मुलीने एकेकाचे उत्तर दिले. दोन उत्तरांसाठी तिला आत जाऊन विचारून यावे लागले. दुसरे हेही सांगितले की एक हप्ता चुकला तरी त्याची नोंद दोघांच्याही पत-इतिहासात होते. तीनशेपासून नऊशेपर्यंत तो जो आकडा असतो, तो बापलेकींचा एकदमच घसरतो. अण्णा म्हणाले, "हे बरं आहे. आमच्या वेळी फक्त जामीनदाराचा घसरायचा."

मी सही केली. अधिकारी मुलीने ती खात्यावरच्या नमुन्याशी ताडून पाहिली आणि संकोचाने म्हणाली, "सर, जुळत नाही." पुस्तकांवरची फाट्याची सही मी केली होती, बँकेतली माझी सही वीस वर्षांपूर्वीची, साधी, पाट्या रंगवणाऱ्या मुलाची होती. ती आठवून पुन्हा करावी लागली.

मग कागद मुलीपुढे गेला. तिने पेन हातात घेतले आणि थांबली.

"बाबा, माझी सही अशी अजून ठरलेली नाही."

"नाव लिही," अण्णा म्हणाले.

तिने आपले नाव, माझे नाव आणि आडनाव लिहिले. शाळेतल्या अक्षरात, एकेक अक्षर सुटे, कोणालाही वाचता येईल असे.